कत्थई: झाडाचा नव्हे, उकळीचा रंग

दादरा-नगर हवेलीतल्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘काथोडी’ हे नाव आहे. त्या जमातीला आपण कातकरी, म्हणजे कात करणारे, म्हणतो. गुजरातीने ‘काथो’मधला थ जपला, मराठीने ‘कात’ म्हणताना तो टाकला. हा थ माझ्या मते संस्कृत ‘क्वाथ’कडे, म्हणजे काढ्याकडे बोट दाखवतो. ‘कढणे’ही त्याच कुळातले. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या तासन्‌तास उकळायच्या, पाणी आटवून घट्ट करायचे, वड्या पाडायच्या. कत्थई रंग या वड्यांचा. झाडाला संस्कृतात खदिर म्हणतात, पण रंगाने नाव घेतले ते कृतीचे. कोणी म्हणेल, काताने तर विडा लाल होतो! होतो, पण चुन्याची गाठ पडल्यावर. नुसता कात तपकिरीच. मग मराठीत ‘तपकिरी’च का रुळला? तो तपकिरीवरून, म्हणजे तंबाखूच्या भुकटीवरून आला, आणि तंबाखू आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर. म्हणजे ‘तपकिरी’ त्याआधीचा असूच शकत नाही. नाकात ओढायच्या चिमटीने उकळत्या हंड्याला मागे टाकले, हे मात्र जरा अन्यायाचेच. आयुर्वेदातला खदिर आणि विड्यातला कात कितीतरी जुने आहेत.