शेटलंडच्या शाली आणि चहाची पुडी



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारात रमलेली बाई. इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण गेल्या हिवाळ्यात भाचीच्या बाळासाठी जाळीची लोकरी शाल विणायला घेतली आणि त्या शालीनेच मला इतिहासाकडे नेले.

नक्षी होती शेटलंड बेटांवरची, लाटांसारखी. दर अठरा टाक्यांत सहा वेळा दोन टाक्यांचा एक करायचा आणि सहा वेळा सुईवर धागा घेऊन जाळी पाडायची, म्हणजे टाके पुन्हा अठराच. पण मध्येच दूध उतू जाते, दाराशी कोणी येते आणि एक धागा घ्यायचा राहतो. अठराचे सतरा होतात. ध्यानात येते ते चार ओळी पुढे गेल्यावर! साधी वीण उसवून टाके पुन्हा उचलता येतात. जाळीत मात्र कोणता टाका कुठला तेच समजत नाही. तीनदा सगळी शाल उसवली. एकदा तर रडूच आले. आणि ही म्हणे तिथली सोपी वीण!

अशी वीण काढणाऱ्या बायका होत्या तरी कोण? भाचीने पुस्तकांतून वाचून मला समजावून सांगितले.

शेटलंड ही स्कॉटलंडच्याही उत्तरेची थंड, वाऱ्याची बेटे. पुरुष मासेमारीला समुद्रावर जात. शेत, गुरे, चूल सारे बायकांकडे. जळणाची टोपली पाठीवर घेऊन चालतानाही त्यांचे हात विणत असत. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यातल्या भोकात एक सुई रोवलेली. मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर हाताने उपटून त्या इतके बारीक सूत कातीत, की सहा फूट लांब-रुंद शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येई. उन्स्ट हे बेट अशा शालींसाठी प्रसिद्ध.

शेटलंडमध्येच जन्मलेले आर्थर अँडरसन हे, पुढे मुंबईलाही ज्यांच्या आगबोटी येत त्या पी. अँड ओ. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी व्हिक्टोरिया राणीला हे विणकाम भेट दिले आणि मोठ्या घरच्या बायकांत त्याची मागणी वाढली. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनातही या शाली मांडल्या होत्या.

पण विणणारीच्या हाती काय पडे? पैसे नव्हेत! दुकानदार शाल घेई आणि बदल्यात चहा, कापड असा दुकानातलाच माल देई. रोकड मागितली तर नकार. मग तोच चहा शेजारणीला देऊन त्या बटाटे नाहीतर पीठ घेत. अंगावर कापड आणि घरात पीठ नाही, अशी गत. 1872 साली सरकारी चौकशी झाली. त्या गरीब बायकांनी साक्षी दिल्या आणि त्या लिहून ठेवल्या गेल्या. 1887 च्या कायद्याने घरी विणलेल्या मालाची किंमत नाण्यांत देण्याचे बंधन घातले. तरी जुनी रीत सुटायला पुढे बरीच वर्षे लागली.

हे ऐकले आणि मला माझीच गोष्ट आठवली. एका ओळखीच्या बाईंनी माझ्याकडून स्वेटर विणून घेतला आणि लोकरीचे तेवढे पैसे हातावर ठेवले. "विणायला काय, तुम्ही घरीच तर असता," म्हणाल्या. मी हसून चहा केला. मनात मात्र ते टोचत राहिले.

प्रेमाने दिलेल्या वस्तूचे मोल घेऊ नये, हे खरेच. बाळाची शाल पुरी झाली, त्याचा एक पैसाही मला नको. पण जे विकायचे, त्यात आपले तास धरायला हवेत. आता मी विणायला बसले की वहीत वेळ लिहिते. आपल्या मंडळाच्या विक्रीला वस्तू ठेवताना तुम्हीही लिहा. त्या बायकांनी साहेबापुढे उभे राहून आपल्या कामाचे मोल सांगितले. आपल्याला तर ते आपल्याच माणसांत सांगायचे आहे.