पीनट बटर कुकीज : शेंगदाण्यांची गोड-खारी बिस्किटे

पीनट बटर कुकीज म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्यांच्या लोण्यापासून भाजलेली खुसखुशीत बिस्किटे. नानकटाईत जे काम तूप करते, ते इथे शेंगदाण्यातले तेल करते. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल आणि सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात. त्यामुळे या कुकीजमध्ये वेगळे लोणी किंवा तूप घालावे लागत नाही आणि पीठ मळण्याचा खटाटोपही नसतो.

हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला. शेतीतज्ज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९१६ मध्ये शेंगदाण्याच्या शंभराहून अधिक पाककृतींची पुस्तिका काढली. त्यात शेंगदाण्याच्या कुकीजही होत्या.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात मात्र यातले मुख्य जिन्नस घरचेच म्हणावेत असे आहेत. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. भुईमुगाचे ‘फुले प्रगती’, ‘फुले उन्नती’ हे वाण याच विद्यापीठाचे. शेंगदाण्याचे कूट तर इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतेच.

आधी शेंगदाणे निवडा

या पदार्थात शेंगदाणाच मुख्य असल्याने तो खवट असेल तर काहीही घालून चव सुधारत नाही. खवटपणापेक्षा मोठा धोका बुरशीचा. भुईमुगावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असते. पीक भरताना पावसाने ताण दिला किंवा काढलेल्या शेंगा नीट वाळल्या नाहीत, तर हा धोका वाढतो. जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण असल्याने ही काळजी इथे विशेष महत्त्वाची. भाजल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले किंवा कडू लागणारे दाणे भाजण्याआधीच काढून टाकावेत.

घरचे पीनट बटर

३०० ग्रॅम दाणे मंद आचेवर सावकाश भाजा. गार झाल्यावर चोळून सुपात पाखडून घ्या. मग मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. आधी कूट होईल, मग त्याचा गोळा बनेल आणि शेवटी तेल सुटून सरसरीत लोणी होईल. त्यात पाणी अजिबात घालू नका. पाण्याने लोणी घट्ट होऊन बसते आणि लवकर खराब होते.

साहित्य (सुमारे २० कुकीज)

- पीनट बटर : १ कप (२५० ग्रॅम)
- बारीक साखर : पाऊण ते १ कप
- अंडे : १
- खाण्याचा सोडा : अर्धा चमचा
- मीठ : पाव चमचा
- गोड आणि खारे जिन्नस मिळून : पाऊण कप

अंडे नको असेल तर पाऊण कप कणीक किंवा मैदा आणि लागेल तसे २ ते ४ मोठे चमचे दूध घाला. विकतच्या पीनट बटरमध्ये बहुधा साखर आणि मीठ आधीच असते. त्याप्रमाणे दोन्ही कमी करा.

कृती

१. पीनट बटर, साखर, अंडे, सोडा आणि मीठ एकजीव करा.

२. गोड जिन्नस मिसळा आणि मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. घरचे लोणी पातळ असते, म्हणून ही पायरी टाळू नका.

३. लिंबाहून लहान गोळे करून काट्याने आडवे-उभे दाबा. हे मिश्रण दाट असल्याने आपोआप फारसे पसरत नाही. चपटे केल्याने कुकी सगळीकडे सारखी भाजली जाते.

४. वरून खारे जिन्नस हलके दाबून बसवा.

५. गरम केलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला १० ते १२ मिनिटे भाजा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन त्यावर तिवई ठेवा. झाकण ठेवून १० मिनिटे गरम करा. मग कुकीजचे ताट ठेवून मंद आचेवर १५ ते २० मिनिटे भाजा. नॉनस्टिक भांडे यासाठी वापरू नये.

गोड आत, खारे वर

गोड जिन्नसांत चॉकलेटचे तुकडे, मनुका, भाजलेले तीळ किंवा सुक्या खोबऱ्याचा कीस चालतो. खाऱ्यात खारे शेंगदाणे, बटाटा वेफर्सचा चुरा किंवा जाड शेव घ्या. मिठामुळे भाजलेल्या दाण्याचा कडवटपणा दबतो आणि गोडी अधिक जाणवते. वेफर्स आणि शेव मात्र पिठात मिसळल्यास ओलावा शोषून मऊ पडतात, म्हणून ते वरच लावावेत. खारे जिन्नस भरपूर असतील तर पिठातले मीठ वगळा.

नेहमी होणाऱ्या चुका

- कुकी उचलताना मोडते : गरम असताना ती मऊच असते. ताटातच १० मिनिटे गार होऊ द्या.
- कोरडी आणि कडक होते : जास्त भाजली गेली. कडा सोनेरी झाल्या की बाहेर काढा, मधला भाग गार होताना आवळतो.
- चुरा होतो : वर घातलेले जिन्नस जास्त झाले. पाऊण कपाच्या पुढे जाऊ नका.

पूर्ण गार झालेल्या कुकीज हवाबंद डब्यात आठवडाभर चांगल्या राहतात. काहींना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते. शाळेच्या डब्यात किंवा पाहुण्यांना देताना त्यात शेंगदाणे आहेत, हे आधी सांगावे.