पित्ताशयातील खड्यांचे विश्लेषण

पित्ताशयातील खडे (पित्ताश्म) कोणत्या घटकांचे बनले आहेत, हे प्रतिमांकन आणि वर्णपटविज्ञान यांच्या साहाय्याने ओळखता येते. खडे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात : फिकट पिवळसर कोलेस्टेरॉलचे, काळे आणि तपकिरी. काळ्या खड्यांत मुख्यतः कॅल्शियम बिलिरुबिनेट असते. तपकिरी खड्यांत त्याच्या जोडीला कॅल्शियम पामिटेट आढळते व त्यांचा संबंध जंतुसंसर्गाशी असतो. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी अकाली फुटत असल्याने लहान वयातही काळे खडे होतात. पालघर, नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत हा आजार असल्याने महाराष्ट्रात या विषयाला निराळे महत्त्व आहे.

== प्रतिमांकन ==
सोनोग्राफीत खडा चकाकत्या ठिपक्यासारखा दिसतो व त्यामागे सावली पडते. खडा आहे हे त्यावरून कळते, तो कशाचा आहे हे नव्हे. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमयुक्त खडे स्पष्ट उमटतात. शुद्ध कोलेस्टेरॉलचा खडा मात्र पित्तरसात मिसळून जाऊन नजरेतून सुटू शकतो. हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी लहान, कॅल्शियमरहित कोलेस्टेरॉलचे खडेच विरघळू शकतात, तेही पित्ताशय कार्यक्षम असेल तर. काळ्या खड्यासाठी त्या महिनोन्‌महिने घेणे व्यर्थ होय.

== वर्णपटविज्ञान ==
शस्त्रक्रियेने काढलेल्या खड्याची एक-दोन मिलिग्रॅम पूड पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलून तिची पारदर्शक चकती दाबतात व तीतून अवरक्त किरण सोडतात. हे क्षार हवेतील ओलावा चटकन शोषते. नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरात पावसाळ्यात पाण्याचा रुंद पट्टा वर्णपटात घुसतो, म्हणून पूड व क्षार आधी नीट सुकवावे लागतात. कोलेस्टेरॉलची खूण प्रति सेंटिमीटर १०५५ च्या आसपास, तर कॅल्शियम कार्बोनेटच्या कॅल्साइट रूपाची खूण सुमारे ८७५ ला मिळते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये जाहीर केलेल्या परिणामावर आधारलेल्या रामन वर्णपटमापनात पूड करावी लागत नाही. खडा मधोमध कापून गाभ्यापासून कडेपर्यंत एकेक थर तपासता येतो. रंगद्रव्याच्या गाभ्याभोवती कोलेस्टेरॉलचे थर दिसले, तर खड्याची वाढ कशी झाली याचा अंदाज बांधता येतो. बिलिरुबिनची प्रतिदीप्ती ही येथील मुख्य अडचण. तिच्यात क्षीण रामन संकेत बुडून जातो, म्हणून अवरक्ताजवळच्या तरंगलांबीचा लेसर वापरतात. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत हेच तंत्र मुखकर्करोगाच्या ऊतींच्या संशोधनासाठी वापरले गेले आहे.

शस्त्रक्रियेनंतर खडे पुष्कळदा बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती दिले जातात. विश्लेषण करायचे असल्यास ते स्वच्छ धुऊन, सुकवून कोरड्या डबीत ठेवतात.