वाद घालण्याचे पहिले धडे

बोलता येऊ लागले की चर्चाही आपोआप करता येते, असे आपण सहसा गृहीत धरतो. घरातल्या किंवा ओळखीच्या मंडळींपुरते ते खरेही असेल. परंतु ज्यांची तोंडेही कधी पाहिली नाहीत अशा माणसांपुढे आपले मत लेखी मांडायचे, त्यावर आलेले प्रतिकूल उत्तर वाचायचे आणि तरीही त्या समुदायातून उठून न जाता पुन्हा बोलायचे, ही गोष्ट उपजत येत नाही. ती शिकावी लागते. मराठी समाजाने ती शिकण्यास सुरुवात केली एकोणिसाव्या शतकात, आणि त्याची शाळा होती नियतकालिकांतील पत्रव्यवहार. निबंधवाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपण ह्या पत्रव्यवहाराला पार्श्वभूमीची जागा देतो. आमच्या मते तो त्या वाङ्मयाचा पाया आहे आणि तो नजरेआड झाला की पुढचे बरेच काही चुकीचे वाचले जाते.

वादाची परंपरा आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. न्यायदर्शनाने कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जयासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे ती वितंडा. पूर्वपक्ष आधी नीट मांडावा, मग उत्तरपक्ष सांगावा, ही शिस्तही जुनीच. मात्र ह्या सभेत बोलण्यासाठी अधिकार लागत असे. आणि तो जन्म, गुरुपरंपरा व संस्कृत विद्या यांनी ठरत असे. बोलणारा कोण, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असे. छापील नियतकालिकाने ह्या व्यवस्थेत एक विलक्षण फरक केला. पत्र पाठविणारा कोण हे ठाऊक नसतानाही त्याचे म्हणणे वाचले जाऊ लागले.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. सुरुवातीला पाक्षिक आणि लवकरच साप्ताहिक झालेल्या ह्या पत्रात एका बाजूच्या स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूच्या स्तंभात मराठी मजकूर असे. ही मांडणी केवळ भाषांतराची सोय नव्हती. राज्यकर्ता आणि प्रजाजन यांनी एकाच पानावर एकच विषय वाचावा, अशी कल्पना तिच्यामागे दिसते. १८४० साली 'दर्पण' बंद पडले. २४ ऑक्टोबर १८४१ रोजी भाऊ महाजन यांचे 'प्रभाकर' निघाले आणि ह्या शाळेला तिचा सर्वांत वादग्रस्त विद्यार्थी मिळाला.

१८४८ ते १८५० ह्या काळात 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' ह्या नावाने १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. लेखक होते गोपाळ हरि देशमुख. वय अवघे पंचविशीचे, नोकरी सरकारी. आपल्याच ज्ञातीच्या विद्येवर, कर्मकांडावर आणि आळसावर त्यांनी जी टीका केली ती उघड्या नावाने करणे कठीणच होते. टोपणनावाने त्यांना संरक्षण दिले, हे उघड आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या नावाने वाचकाला म्हणण्याकडे पाहण्यास भाग पाडले. लेखकाचे कुळ हाताशी नसले की त्याच्या मुद्द्याशीच झुंजावे लागते. टोपणनावाआड राहून बेजबाबदार लिहिता येते, ही शंका रास्त आहे. परंतु लोकहितवादींनी ते एकच नाव अखेरपर्यंत चालविले आणि त्या नावाने केलेल्या प्रत्येक विधानाचे ओझेही त्याच नावावर राहिले. टोपणनाव आणि निनावीपणा यांत जो भेद आहे तो हाच.

ही पत्रे आज आपण 'शतपत्रे' म्हणून एकत्र बांधलेल्या पुस्तकात वाचतो आणि त्यांत पुनरुक्ती, तुटक वाक्ये आणि कर्कश स्वर असल्याचा शेरा मारतो. आठवड्यामागून आठवडा त्याच वाचकांना पुन्हा हाक मारणाऱ्याच्या लेखनात पुनरुक्ती येणारच. पुस्तकात हाक तेवढी उरली. तिच्या आजूबाजूचा गलबला गेला.

१८५४ साली टपालाची नवी व्यवस्था आली. त्याआधी अंतराप्रमाणे आकारणी होत असे. आता पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशात कोठेही अर्धा आणा पुरेसा झाला. दूरच्या गावातील वाचकाला लिहिणे स्वस्त झाले. तथापि टपाल स्वस्त झाले म्हणून लेखणी सर्वांच्या हाती आली नव्हती. ती कशी आली, हे पाहण्यासाठी १८५५ सालच्या 'ज्ञानोदया'कडे वळावे लागते. अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला सुरू केलेल्या ह्या पत्रात 'मांगमहारांच्या दुःखाविषयी' हा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. लेखिका मुक्ता साळवे, मांग समाजातील, सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, कोवळ्या वयाची मुलगी. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमच्याजवळ ग्रंथ नाही आणि म्हणून धर्मही नाही. मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती देवालाच विचारते. इमारतींच्या पायांत गाडल्या गेलेल्या आपल्या लोकांविषयी ती लिहिते, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांविषयी लिहिते.

येथे टोपणनाव नाही. लोकहितवादींना नाव झाकून जे मिळाले, ते मुक्तेला नाव सांगूनच मिळविता येत होते. कारण तिच्या युक्तिवादाचा पुरावा तिचे स्वतःचे जगणे हाच होता. ती शास्त्रार्थाचीच रीत वापरते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मान्य करते आणि ते त्याच्यावरच उलटविते. सभेत जिला उभेही राहू दिले नसते तिने सभेची शिस्त अचूक पाळलेली आहे. अधिकाराच्या जुन्या कल्पनेला ह्याहून मोठे उत्तर त्या काळात क्वचितच दिले गेले असेल.

पण वादाबरोबर जल्पही वाढला. १८५७ सालच्या पहिल्या काही महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वादविवाद झाले. त्यांना मोठा जमाव लोटे, आणि जमावापुढे बोलताना प्रतिपक्षाला पटविण्यापेक्षा प्रेक्षकांना जिंकण्याचा मोह होणे स्वाभाविकच आहे. हा मोह छापील पानावरही येऊन पोहोचला. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. तिच्यात त्यांनी लोकहितवादींचा समाचार घेतला तसा जोतीराव फुल्यांचाही घेतला. त्यांचे गद्य मराठीचे वैभव आहे, ह्याविषयी दुमत नाही. परंतु फुल्यांच्या व्याकरणाची टिंगल करून त्यांनी जे साधले ते काय होते? मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी प्रवेशद्वारावर पुन्हा पहारा बसविणे. पूर्वी अधिकार जन्माने ठरे. आता तो शुद्धलेखनाने ठरू लागला, आणि शुद्ध लिहिण्याची संधी कोणाला मिळाली होती हे सर्वांना ठाऊक होते.

ह्यावर दोन उत्तरे निघाली. एक म्हणजे स्वतःची जागा उभी करणे : १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केले आणि सत्यशोधक विचारांच्या माणसांना स्वतःचे पत्र मिळाले. दुसरे उत्तर नकाराचे. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ सालच्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण फुल्यांना गेले. त्यांनी ते पत्र लिहून नाकारले, आणि ते पत्रही 'ज्ञानोदया'तच छापले गेले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जे इतरांना माणुसकीचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही.

ह्या नकाराला चर्चेकडे फिरविलेली पाठ समजणे आम्हांला योग्य वाटत नाही. फुले गप्प बसले नाहीत. त्यांनी न येण्याची कारणे सर्वांना वाचता येतील अशा रीतीने मांडली. समान अटींवाचून दिलेले निमंत्रण म्हणजे समानता नव्हे, हा त्या चर्चेतलाच एक मुद्दा होता, आणि तो सभेबाहेर उभे राहूनच मांडता येण्यासारखा होता.

१८३२ पासून १८८५ पर्यंतचा हा अभ्यासक्रम त्रेपन्न वर्षांचा. अनोळखी माणसाचे ऐकून घेणे हा त्यातला पहिला धडा. नाव केव्हा झाकावे आणि केव्हा सांगावे हा दुसरा. मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देणे हा तिसरा, आणि तो पुष्कळांना जमला नाही. चर्चेच्या अटी कोण ठरवितो हे विचारणे हा चौथा. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्या काळचा कोणताही निबंध हाती घेतला की त्याला दोन प्रश्न विचारावेत, एवढेच आमचे सांगणे : हा कोणाला उत्तर देत आहे, आणि येथे बोलायला हवे होते असे कोण गैरहजर आहे? पहिल्या प्रश्नाने निबंधाची शैली उलगडते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा त्या निबंधात सापडत नाही. त्यासाठी त्याच वर्षांची दुसरी नियतकालिके उघडावी लागतात.