धनुर्धराचा झटका

‘बो हंटर्स स्ट्रोक’ हे नाव १९७८ साली सोरेन्सन यांनी रूढ केले. धनुर्विद्येच्या सरावात मान वळवताना एकाला मेंदूचा झटका आला, त्यावरून. मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारी धमनी मान वळताच दाबली जाते, बहुधा पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी. भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हातात धनुष्य हवेच असे नाही. गाडी मागे घेताना वळून पाहणेही पुरते.

शस्त्रक्रियेत दाबणारे हाड किंवा तंतू काढून धमनीला वाट देतात, नाहीतर ते दोन मणके स्क्रूंनी जखडतात. पण मानेचे जवळजवळ निम्मे वळणे तिथेच होते! म्हणून मला पहिला मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो. मात्र काहींत दाब पुन्हा येतो आणि मणके जखडावेच लागतात.