गॅरेज-दरवाजा ओपनर, घरगुती : दुरुस्ती (फ्लॉरिडा)

घराच्या गॅरेजचा वर सरकणारा दरवाजा विजेच्या मोटारीने उघडणारे व मिटणारे, छताला टांगलेले किंवा दरवाजाशेजारी भिंतीवर बसवलेले यंत्र (पुढे ‘ओपनर’). अमेरिकेच्या उपनगरांत हे यंत्र सर्वत्र आढळते. उष्णता, दमट खारी हवा, विजा आणि चक्रीवादळे या चारही गोष्टी एकत्र असल्याने फ्लॉरिडा राज्यात त्याच्या दुरुस्तीला वेगळे वळण लागले आहे. ही नोंद मुख्यतः त्या राज्यापुरती आहे.

रचना : ओपनरमध्ये मोटार, वेग कमी करणारे गिअर, दरवाजाला जोडलेली सरकती गाडी (ट्रॉली), नियंत्रक सर्किट बोर्ड, रेडिओ ग्राही व दोन प्रकाशनेत्र असतात. मोटारीची गती ट्रॉलीपर्यंत साखळी, रबरी पट्टा किंवा लांब स्क्रू पोहोचवतो. भिंतीवरच्या प्रकारात मोटार थेट दरवाजाच्या वरचा दांडा फिरवते. दरवाजाचे वजन ओपनर पेलत नाही, ते दांड्यावरची पिळाची (टॉर्शन) स्प्रिंग किंवा रुळांच्या बाजूच्या ताणाच्या स्प्रिंगा पेलतात. स्प्रिंग ठीक असेल तर दोन मोटारगाड्यांच्या गॅरेजचा पोलादी दरवाजा माणूस एका हाताने उचलू शकतो. ओपनरला फक्त घर्षणावर मात करायची असते. पुढील बहुतेक बिघाडांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

इतिहास : वर उचलला जाणारा दरवाजा सी. जी. जॉन्सन यांनी 1921 मध्ये व विजेचा ओपनर 1926 मध्ये बनवला, असे ओव्हरहेड डोअर कंपनी सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली आणि ओपनरचा प्रसार झाला. चेंबरलेन (लिफ्टमास्टर) व जिनी ही आजची प्रमुख नावे आहेत. ओव्हरहेड डोअर 1996 पासून जपानच्या सान्वा समूहाकडे आहे. जिनीही त्याच समूहात येते.

हवामानाचे परिणाम : उन्हाळ्याच्या दुपारी फ्लॉरिडा द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून आत शिरणारे समुद्रवारे एकमेकांना भिडतात व गडगडाटी वादळे उठतात. टँपा ते ओरलँडो हा पट्टा अमेरिकेतील सर्वाधिक विजांच्या प्रदेशांपैकी एक आहे. चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरला जातो. गॅरेज बहुधा वातानुकूलित नसते. त्यात छताखाली गरम हवा साठते आणि ओपनर नेमका तेथेच टांगलेला असतो.

उष्णतेचे बिघाड : (1) मोटारीच्या वेटोळ्यातील उष्णता-रोधक तापला की मोटार बंद पडते व अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. थंड हवामानात हे क्वचित घडते. येथे मुले दुपारी दरवाजा चार-पाच वेळा उघडमीट करतात तेव्हाही घडते. (2) प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटारीचा कपॅसिटर फुगतो. मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि दरवाजा हाताने किंचित ढकलला की चालू लागते. कपॅसिटर बदलणे हे स्वस्त व सोपे काम आहे. मात्र वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक असतो, तो आधी उतरवावा लागतो. (3) साखळीच्या यंत्रातील नायलॉनचे गिअर झिजतात. मोटार फिरल्याचा आवाज येतो, पण साखळी हलत नाही, आणि झाकण उघडले की आत पांढरा भुसा दिसतो. गिअर बदलले तरी ते पुन्हा लवकर झिजले, तर दोष गिअरचा नसून जड झालेल्या दरवाजाचा असतो. (4) सर्किट बोर्डावरील सोल्डरचे सांधे तापण्या-निवण्याने तडकतात. यंत्र सकाळी चालते, दुपारी रुसते. (5) वीज गेल्यावर दरवाजा चालवणारी 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी गरम गॅरेजमध्ये लवकर मरते. अशा बॅटरीचे आयुष्य दर 10° से. वाढीला साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. बॅटरी संपत आली की ओपनर ठरावीक वेळाने ‘पिक’ असा आवाज करतो आणि गिऱ्हाईक तो यंत्राचा बिघाड समजून बोलावते.

विजा : थेट ओपनरवर वीज पडणे दुर्मीळ. नुकसान बहुतेकदा जवळच्या विजेने तारांत उठलेल्या व्होल्टेजच्या झटक्याने होते. ओपनरला विजेच्या प्लगखेरीज भिंतीवरचे बटण व दोन प्रकाशनेत्रांकडे जाणाऱ्या बारीक तारा जोडलेल्या असतात. भिंती-छतातून कित्येक फूट धावणाऱ्या या तारा अँटेनासारख्या काम करतात आणि झटका थेट बोर्डाच्या नाजूक भागात नेतात. त्यामुळे केवळ प्लगजवळ सर्ज-रोधक लावून संरक्षण अपुरे राहते. कमी व्होल्टेजच्या तारांनाही रोधक लागतो.

विजेनंतरची तपासणी ठरलेल्या क्रमाने होते. प्रथम गॅरेजमधील भू-दोष खंडक (जीएफसीआय) पाहतात. राष्ट्रीय विद्युत संहितेच्या 2008 च्या आवृत्तीपासून ओपनरच्या छतावरील सॉकेटलाही हे संरक्षण आवश्यक आहे, आणि ‘यंत्र मेले’ अशा अनेक तक्रारींत खंडक पडलेला असतो, एवढेच. सॉकेटला वीज असूनही दिवे लागत नसतील तर ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज पाहतात. दिवे लागतात, पण बटण व रिमोट दोन्ही निकामी असतील, तर बटणाच्या तारा बोर्डावरून काढून त्या जागेची दोन टोके क्षणभर जोडतात. मोटार चालली तर दोष तारेत किंवा बटणात, न चालल्यास बोर्डात. बोर्ड जळलेला असेल तर तो पूर्ण बदलतात, सुटे घटक सहसा बदलत नाहीत. दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या यंत्रात बोर्डाची किंमत व मजुरी मिळून नव्या ओपनरच्या किमतीजवळ जाते. 2020 च्या संहितेने नव्या घरांच्या मुख्य वीजजोडणीवर सर्ज-रोधक आवश्यक केला आहे.

रेडिओ : बहुतेक घरगुती रिमोट 300, 310, 315 किंवा 390 मेगाहर्ट्‌झवर चालतात. संघराज्य दूरसंचार आयोगाच्या (एफसीसी) ‘भाग 15’ नियमांखाली ही उपकरणे परवान्याविना चालतात. त्याची किंमत म्हणून परवानाधारक सेवेचा हस्तक्षेप त्यांनी सोसायचा असतो. या तरतुदीचा अनुभव फ्लॉरिडाच्या पॅनहँडल भागात आला. 2004 मध्ये एग्लिन हवाई तळावर 380 ते 399.9 मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील नव्या लष्करी रेडिओ यंत्रणेची चाचणी झाली आणि आसपासच्या वस्तीतील 390 मेगाहर्ट्‌झचे रिमोट चालेनासे झाले. यंत्र बिघडलेले नव्हते. प्रबळ संकेताखाली रिमोटचा दुबळा संकेत दबत होता. पट्टा लष्कराचा असल्याने तक्रारीला कायद्याचा आधार नव्हता. फेब्रुवारी 2005 मध्ये एफसीसीने ग्राहकांसाठी सूचना काढली व डिसेंबर 2005 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने (जीएओ) या विषयावर अहवाल दिला. दुरुस्ती एकच होती : ग्राही व रिमोट 315 मेगाहर्ट्‌झवर नेणे. उत्पादकांनी त्यासाठी बदल-संच विकले. पुढे एकाच वेळी तीन वारंवारतांवर संदेश पाठवणारे रिमोट आले आणि ही अडचण ओसरली.

आजचे हस्तक्षेप घरातलेच असतात. ओपनरमध्ये लावलेला स्वस्त एलईडी दिवा रेडिओ गोंगाट करतो व रिमोटचा पल्ला काही फुटांवर येतो. दिवा काढून रिमोट चालतो का, हे पाहणे ही पहिली परीक्षा. चुकीचा दिवा सापडला तर बोर्ड बदलण्याचा खर्च वाचतो.

जुन्या रिमोटमध्ये छोट्या खटक्यांनी ठरवलेला कायमचा संकेत असे. 1990 च्या दशकापासून दर वेळी बदलणारा संकेत (रोलिंग कोड) आला. परक्या कंपनीने असा संकेत चालवणारा रिमोट विकावा का, यावर चेंबरलेन विरुद्ध स्कायलिंक हा खटला झाला. ऑगस्ट 2004 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने स्कायलिंकच्या बाजूने निर्णय दिला. पर्यायी सुट्या भागांच्या बाजारासाठी तो महत्त्वाचा मानला जातो. 2023 मध्ये चेंबरलेनने आपल्या ‘मायक्यू’ इंटरनेट सेवेतून अनधिकृत बाह्य प्रणालींचा प्रवेश बंद केला. त्याच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद आहेत.

प्रकाशनेत्र : दरवाजाच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून जास्तीत जास्त 6 इंच (सुमारे 15 सेंमी.) उंचीवर एक प्रेषक व एक ग्राही बसवलेला असतो. मधला अवरक्त किरण तुटला की मिटणारा दरवाजा उलटतो. पश्चिमाभिमुख गॅरेजमध्ये मावळतीचे ऊन ग्राहीत शिरते आणि दरवाजा ठरावीक वेळेलाच मिटत नाही. प्रेषक व ग्राही यांची बाजू बदलणे किंवा ग्राहीला छोटी नळी लावणे हा उपाय. कोळ्याचे जाळे, गवत कापल्याचा भुगा व धक्क्याने सरकलेला कंस ही इतर कारणे. मुंग्यांना विद्युत उपकरणांची ओढ असते, त्या रिले व जोडण्यांत शिरून संपर्क बिघडवतात. घरात वादळी लाटेचे पाणी शिरले तर छतावरचा ओपनर अनेकदा वाचतो, पण जमिनीलगतचे प्रकाशनेत्र खाऱ्या पाण्यात जातात. धुऊन चालू झाले तरी ते बदलतात, कारण तारांच्या सांध्यांत गंज पुढे चालू राहतो.

वारा व दरवाजा : 24 ऑगस्ट 1992 रोजी अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लॉरिडावर धडकले. फीमा या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या पाहणीत गॅरेजचे दरवाजे घराची कच्ची जागा ठरले. दरवाजा आत कोसळला की वारा घरात शिरतो, आतला दाब वाढतो आणि छत उचलले जाते. 16 फूट रुंद व 7 फूट उंच दरवाजावर दर चौरस फुटास 40 पौंड दाब धरला तरी एकूण जोर 2 टनांच्या आसपास जातो. 1 मार्च 2002 पासून राज्यभर एकच इमारत संहिता लागू झाली. मायामी-डेड व ब्रॉवर्ड हे परगणे अतिवेगवान वाऱ्यांचे क्षेत्र (एचव्हीएचझेड) ठरले. तेथील आघात-चाचणीत 9 पौंडांचा लाकडी वासा सेकंदाला 50 फूट वेगाने दरवाजावर मारतात.

या सुधारणेचा परिणाम ओपनरवरही झाला. वारारोधक दरवाजाला आडवे पोलादी पट्टे असतात व तो जड असतो. जुना दरवाजा काढून असा दरवाजा बसवताना स्प्रिंगही नव्या वजनाची घ्यावी लागते. ती घेतली नाही तर ओपनर वजन ओढू लागतो. नंतर ‘वाऱ्याने यंत्र बिघडले’ अशी तक्रार येते, तेव्हा मोटारीची क्षमता वाढवणे हा चुकीचा उपाय असतो. वादळापूर्वी उभे आधारखांब किंवा कड्या लावल्यास ओपनरची वीज काढावी लागते. कडी लागलेला दरवाजा चुकून रिमोटने ओढला तर वरचा पत्रा वाकतो व ट्रॉलीचा हात तुटतो. एरवी वादळात ओपनर दरवाजाला जोडलेला ठेवावा की सोडवावा, याबाबत उत्पादकांच्या सूचना एकसारख्या नाहीत.

स्प्रिंग व गंज : साध्या टॉर्शन स्प्रिंगचे आयुष्य सुमारे 10,000 आवर्तने धरतात. दिवसाला चार वेळा उघडमीट धरल्यास ते सात वर्षांपेक्षा थोडे कमी भरते. किनाऱ्याजवळ गंजाने हे आणखी घटते. म्हणून जस्तलेपित किंवा रंगवलेली स्प्रिंग व पोलादी तारांची वार्षिक तपासणी सुचवली जाते. समतोलाची परीक्षा सोपी आहे : दरवाजा बंद असताना लाल दोरी ओढून ट्रॉली सोडवावी, दरवाजा हाताने अर्ध्यावर आणून सोडावा. तो तेथेच थांबला तर स्प्रिंग ठीक, घसरला किंवा वर निघाला तर बिघाड तेथे आहे. स्प्रिंग तुटलेली असताना दरवाजा उघडा ठेवून लाल दोरी ओढल्यास तो वजनासह खाली कोसळतो. ताणलेली टॉर्शन स्प्रिंग सोडणे हे काम योग्य सळया व अनुभव असलेल्या कारागिराचेच.

सुरक्षा नियम : 1990 च्या संघराज्य कायद्याने यूएल 325 हे मानक बंधनकारक झाले. 1 जानेवारी 1993 रोजी वा नंतर बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला अडथळ्याला टेकल्यावर 2 सेकंदांत उलटणे व प्रकाशनेत्रासारखे दुसरे संरक्षण असणे आवश्यक आहे. दुरुस्तीनंतर दाराखाली सुमारे दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून ही परीक्षा घेतात. प्रकाशनेत्राची तार मोडली म्हणून दोन्ही नेत्र छताजवळ समोरासमोर बांधून दरवाजा चालवण्याची युक्ती प्रचलित आहे, ती धोकादायक व नियमबाह्य आहे. कॅलिफोर्नियात 2017 च्या वणव्यांनंतर 1 जुलै 2019 पासून नव्या ओपनरला राखीव बॅटरी सक्तीची झाली. तो नियम त्या राज्यापुरता आहे.

परवाने : दरवाजा बदलण्यास इमारत परवाना लागतो, केवळ ओपनर बदलण्याविषयी परगण्यागणिक फरक आहेत.

भारत : घरगुती वापरात वर सरकणाऱ्या दरवाजापेक्षा मोटारीचे सरकते फाटक अधिक आढळते. त्याची दुरुस्ती या नोंदीत घेतलेली नाही.

बदलण्याची मर्यादा : बोर्ड, कपॅसिटर, गिअर, पट्टा व प्रकाशनेत्र हे भाग बदलून ओपनर अनेक वर्षे चालवता येतो. मात्र 1993 पूर्वी बनलेला, प्रकाशनेत्र नसलेला ओपनर चालू स्थितीत असला तरी त्याची दुरुस्ती करू नये, तो बदलावा.