जवस आणि जुनी खिडकी

वरखाली सरकणारी खिडकी म्हटलं की आपल्याला रेल्वेचा जुना डबाच आठवतो. विलायतेत सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ती घराघरांत बसू लागली. चौकटीच्या पोकळीत वजन, कप्पीवर दोरी, मोठी नामी युक्ती! १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपवला, १८७०मध्ये कापसासाठी खामगावला रेल्वे आली. ही खिडकी मात्र आपल्या घरांत फारशी रुजली नाही. ती उघडते अर्धीच, आणि घाटाखालचा उन्हाळा अर्ध्या वाऱ्यावर कसा निघायचा? आपली दोन झडपांची सागवानी खिडकीच बरी.

दुखणी दोघींची सारखीच. पावसाळ्यात झडप फुगते, की आपण लगेच रंधा मारायला सांगतो. दिवाळीनंतर लाकूड आटतं आणि बोटभर फट राहते. तेव्हा आधी बिजागरीचे स्क्रू पाहा, ते ढिले असले तरी झडप खाली उतरते. खालची पट्टी कुजली असेल तर तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा जोड द्या. त्यापायी अख्खी खिडकी भंगारात घालून अॅल्युमिनियम बसवणं मला तरी पटत नाही.

काचेची लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. एकोणिसाव्या शतकात आपल्या देशातून जवस जहाजं भरभरून विलायतेला जाई. त्यांची खिडकी इथे आली नाही, आपलं जवस मात्र तिथल्या काचांपर्यंत पोचलं असणार. हे तेल लाकडालाही चांगलं. फक्त तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून उघड्यावर वाळवा.